हमीभाव, मंदीचा करार आणि डेल्टा-गॅमा

लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक होय. दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या आडत बाजारात व नांदेडच्या मोंढ्यात नव्या मालाची आवक सुरू झाली की शेतकऱ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : भाव हमीभावाच्या वर राहील की खाली जाईल? शेअर बाजारातील विकल्प करारांच्या संदर्भात 'डेल्टा' आणि 'गॅमा' ही दोन नावे अलीकडे वारंवार कानी पडतात. ती समजून घेण्यासाठी मराठवाड्यातील वाचकास याच प्रश्नापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

विकल्प करार म्हणजे हक्काची खरेदी. ठरलेल्या मुदतीत, ठरीव भावाने माल विकण्याचा हक्क एखाद्याने मोबदला देऊन घेतला, तर त्यास 'पुट' म्हणतात. खरेदीचा हक्क घेतल्यास तो 'कॉल' होय. आपल्या जुन्या बाजारपेठांत यांनाच अनुक्रमे 'मंदी' आणि 'तेजी' अशी नावे होती. मुंबई सरकारने 1939 मध्ये कापसातील असे करार कायद्याने बंद केले. 1952 च्या वायदे कराराविषयीच्या केंद्रीय कायद्याने वस्तूंमधील व 1956 च्या कायद्याने रोख्यांमधील विकल्पांवर मनाई घातली. रोख्यांवरील मनाई 1995 मध्ये उठली आणि जुलै 2001 पासून राष्ट्रीय शेअर बाजारात एकेका कंपनीच्या शेअरवरील विकल्प सुरू झाले. वस्तूंच्या विकल्पांना 'सेबी'ने 2017 मध्ये वाट मोकळी करून दिली. सोयाबीनचे वायदे मात्र डिसेंबर 2021 मध्ये स्थगित करण्यात आले आणि ती स्थगिती पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली.

हमीभाव हा स्वरूपाने मंदीचाच हक्क आहे. भाव पडल्यास शेतकरी शासनाच्या खरेदी केंद्रावर माल देऊ शकतो. भाव चढल्यास मोंढ्यात विकण्यास तो मोकळा असतो. फरक एवढाच की या हक्काचे मोल शेतकरी भरत नाही, तिजोरी भरते. करार लिहून देणारे येथे शासन आहे.

डेल्टा म्हणजे काय?

2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला. हिशेबाच्या सोयीसाठी ठरीव भाव 5,300 रुपये धरू आणि मुदत संपण्यास दोन महिने आहेत असे मानू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी मांडले आहेत. बाजारभाव 5,300 असताना अशा मंदीच्या हक्काचे मोल सुमारे 216 रुपये भरेल. भाव शंभराने उतरून 5,200 झाला, तर मोल सुमारे 270 होईल. म्हणजे भावाच्या शंभर रुपयांच्या घसरणीपैकी सुमारे 54 रुपये हा हक्क भरून काढतो. भावातील एका रुपयाच्या फरकामागे हक्काचे मोल किती बदलते, ते प्रमाण म्हणजे डेल्टा. मंदीच्या हक्कात भाव व मोल उलट दिशांनी चालतात, म्हणून ते उणे चिन्हाने लिहितात.

हे प्रमाण स्थिर नसते. भाव 6,300 असेल, तर ते जवळजवळ शून्यावर येते. 4,300 असेल, तर एकाच्या जवळ जाते. ऑगस्ट 2021 च्या आरंभी सोयाबीन दहा हजार रुपयांच्या आसपास होते आणि त्या वर्षीचा हमीभाव 3,950 रुपये होता. नवा माल येताच ऑक्टोबरमध्ये भाव पाच हजारांच्या घरात आला. शेतकऱ्याचे नुकसान अपार झाले, तथापि हमीभावाने त्यातील काहीच भरून निघाले नाही. ठरीव भाव इतका दूर असता डेल्टा नाममात्र असतो, हे त्याचे कारण.

गॅमा आणि शेवटचा दिवस

भाव बदलला की डेल्टा स्वतः किती बदलतो, हे गॅमा सांगतो. वरील उदाहरणात 5,300 ला डेल्टा सुमारे 0.50 आणि 5,200 ला सुमारे 0.57 (उणे चिन्ह येथे गाळले आहे). आता मुदत संपण्यास एकच दिवस उरला आहे असे समजा. त्याच शंभर रुपयांच्या घसरणीने डेल्टा 0.50 वरून सुमारे 0.88 वर उडी घेतो. भाव ठरीव पातळीजवळ आणि मुदत संपत आलेली, अशा वेळी गॅमा सर्वांत मोठा असतो.

याचा भार करार लिहून देणाऱ्यावर पडतो. शंभर क्विंटलचा हक्क लिहून देणारा व्यापारी स्वसंरक्षणार्थ प्रथम 50 क्विंटलचा वायदा विकून ठेवतो. दोन महिने हाती असताना भाव शंभराने उतरला, तर त्याला आणखी सात क्विंटल विकावे लागतात. शेवटच्या दिवशी अडतीस. तासाभरात भाव परतला की तेच चढ्या दराने परत घ्यावे लागतात. बाजार रिकामा असला, तर तेही जमत नाही.

शेअरवरील विकल्पांत हेच घडते. मुदतीच्या दिवशी हक्क स्वस्त दिसतो, म्हणून मोबाइलवरून तो घेणाऱ्यांची गर्दी होते. पण भाव किंचित उलटा फिरला की मोल शून्य होते. लिहून देणाऱ्याचे नुकसान तर जमा केलेल्या रकमेपुरतेही मर्यादित राहत नाही. 'सेबी'च्या सप्टेंबर 2024 मधील अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजारातील वायदे व विकल्पांत व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटी रुपयांहून अधिक होता. शासकीय कर्मचाऱ्यांना तर शेअरमधील सट्टा वर्तणूक नियमांनीच निषिद्ध आहे, याचे स्मरण अनेकांस राहिलेले दिसत नाही.

खरेदी केंद्राच्या दृष्टीने

भाव हमीभावाच्या बराच वर असताना केंद्रावर कोणी फिरकत नाही. तो हमीभावालगत आला की दोन-तीनशे रुपयांच्या फरकाने सारी आवक एकाएकी केंद्राकडे वळू शकते. बारदाना, वजनकाटे, गोदामातील जागा यांची सिद्धता भाव पडल्यावर करू म्हटल्यास वेळ उरत नाही. 2024-25 मध्ये हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली होता. तरीही ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असल्याने पावसात भिजलेला माल केंद्रावर बसेना. नोव्हेंबर 2024 मध्ये ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली. तोवर गरजू शेतकऱ्यांनी आपला माल मोंढ्यात पडेल भावाने दिला होता. कागदावर त्यांच्या हक्काचा डेल्टा एकाच्या जवळ होता. प्रत्यक्षात तो हक्क बजावताच येत नव्हता. केंद्रावरील नोंदणीस सातबारावर पिकाची नोंद लागते. ती पीकपाहणीतच पूर्ण करून घेणे आणि ओलावा मोजण्याचे यंत्र गावच्या सोसायटीत काढणीपूर्वी ठेवणे, एवढे काम पंचायतीच्या हाती आहे.