मदत घेणारे हात

घरातील कर्ता पुरुष गेला म्हणजे शेतकरी कुटुंबातील स्त्रीवर दोन भार एकदमच येऊन पडतात. शेत पडीक राहू द्यावयाचे नाही आणि मुलाचे शिक्षणही थांबू द्यावयाचे नाही. वाशीम जिल्ह्यात हे दोन्ही खर्च जवळजवळ एकाच वेळी उभे राहतात. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि सोयाबीन-तुरीची पेरणीही त्याच सुमारास सुरू होते. बियाण्याची पिशवी आधी की मुलाचे वह्या-दप्तर, हा प्रश्न अशा घरात दरवर्षी पडतो आणि बहुधा दप्तरच मागे राहते.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2006 साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, त्यांत वाशीमचा समावेश होता. कर्ज व सिंचन या बाबींवर त्यात विशेष भर होता. मागे राहिलेल्या मुलाच्या रोजच्या गरजांसाठी मात्र राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ती आता ओळखली जाते. आई किंवा वडील हयात नसलेल्या, तसेच अन्य कारणांनी संकटात सापडलेल्या मुलाचे संगोपन घरीच व्हावे, यासाठी दरमहा अनुदान देण्यात येते. पूर्वी अवघे 425 रुपये असलेली ही रक्कम पुढे 1,100 व 2023 मध्ये 2,250 रुपये झाली.

असे असूनही अनेक माता अर्ज करण्यास धजत नाहीत. त्यांचा हा संकोच अज्ञानातूनच येतो, असे मानणे अन्यायाचे होईल. पहिली भीती मूल दुरावण्याची असते. अनुदानाचा आदेश बाल कल्याण समिती देते, घरी चौकशीही होते. तेव्हा ‘माझ्याने मूल पोसवत नाही असे लिहून दिले, तर त्याला बालगृहात नेतील’ अशी शंका आईच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वस्तुतः 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय होय. मूल आईजवळच राहावे, हाच या अनुदानाचा हेतू आहे. ही गोष्ट चौकशीस जाणाऱ्याने उंबरठ्यावरच सांगावी. कागद मागून पुढे करावेत.

दुसरी अडचण मिंधेपणाची. पण आपल्या खेड्याला मदत घेणे नवीन आहे काय? इर्जिक आठवावी. गावकरी आपापल्या बैलजोड्या घेऊन एकाच्या शेतात उतरत, दिवसभरात रान नांगरून देत आणि सायंकाळी त्याच्याच घरी जेवत. त्याला कोणी भिक्षा म्हटले नाही, कारण आज घेणारा उद्या देणाराच असे. ट्रॅक्टर आल्यापासून ही प्रथा विरळ झाली. विधवेच्या वाट्याला मात्र फक्त घेणेच येते, अशी तिची समजूत होते आणि तीच तिला टोचते. मुलाला वाढविण्याचे काम तीच करीत असते, हे तिला कोणीतरी आवर्जून सांगावयास हवे.

मुलाचे मन याहून हळवे असते. दहा-बारा वर्षांचा मुलगा आईचा संकोच अचूक टिपतो. वर्गात ‘अनुदानवाला’ म्हणून नाव पुकारले गेले, तर तो शाळा टाळू लागतो; क्वचित मजुरीची वाट धरून आपणच घराचा कर्ता होऊ पाहतो. याच शाळेतील दुपारच्या जेवणाला मात्र तो लाजत नाही, कारण पहिली ते आठवीची सारी मुले एकाच पंगतीत बसतात. शिक्षकांनी यावरून बोध घ्यावा आणि लागणारे दाखले मुलाला बाजूला बोलावून, निमूटपणे द्यावेत. घरी आईने मात्र लपवाछपवी करू नये. पैसे कोठून येतात आणि ते कशासाठी आहेत, हे मुलाला सरळ सांगावे. वह्या घेताना त्याला सोबत न्यावे.

दाखल्यांची यादी अजूनही लांब आहे. मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घालणाऱ्या बाईला ती डोंगराएवढी वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, शाळेचा दाखला व बँकेचे पासबुक ही कागदपत्रे एकाच पिशवीत ठेवून अंगणवाडी सेविकेस दाखविल्यास एखादी खेप तरी वाचेल. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावयाचा असतो. मूल अडचणीत असेल तर 1098 या क्रमांकावर केव्हाही दूरध्वनी करता येतो. मुलाला 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत हे साहाय्य मिळू शकते.