‘व्यक्ती’ या शब्दाचे मोल : चितगाव डोंगराळ प्रदेशाचा धडा

संविधानाचा तिसरा भाग शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना दोन शब्द अधोरेखित करावयास सांगतो. अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये ‘नागरिकां’ना आहेत, अनुच्छेद २१ मधील जीविताचे संरक्षण मात्र प्रत्येक ‘व्यक्ती’ला आहे. या भेदाचे मोल चकमा बांधवांच्या इतिहासावरून कळते.

चितगावचा डोंगराळ प्रदेश आज बांगलादेशाच्या आग्नेय भागात आहे. तेथील चकमा व मारमा हे लोक बौद्ध. १९४७ साली तेथे मुस्लिमेतरांची बहुसंख्या असूनही हा प्रदेश पाकिस्तानला देण्यात आला. साठच्या दशकात कप्ताई धरणाखाली तेथील सुमारे ४० टक्के सुपीक शेतजमीन बुडाली आणि सुमारे १ लाख लोक विस्थापित झाले. बांगलादेशाच्या निर्मितीनंतर स्वायत्ततेची मागणी नाकारली गेली, शांती बाहिनीने शस्त्र उचलले आणि डोंगरांत लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. १० एप्रिल १९९२ रोजी लोगांग येथे निःशस्त्र ग्रामस्थांची कत्तल झाली. जून १९९६ मध्ये कल्पना चकमा या तरुण कार्यकर्तीस रात्री घरातून पळवून नेण्यात आले. आरोप लष्करी अधिकाऱ्यावर झाला. तिचा ठावठिकाणा मात्र लागला नाही. शांती बाहिनीच्या हल्ल्यांत बंगाली वसाहतकरीही मारले गेले, हेही नोंदविले पाहिजे. १९९७ साली शांतता करार झाला. परंतु जमिनीचे तंटे अद्याप मिटलेले नाहीत.

धरणामुळे बेघर झालेले अनेक चकमा १९६४ पासून भारतात आले व आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविले गेले. पुढे त्यांना हुसकावून लावण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक आहे, असा निर्णय न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये दिला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील मसुदा समितीने योजिलेला ‘व्यक्ती’ हा एक शब्द हजारो कुटुंबांची ढाल ठरला.

चकमा आमचे धम्मबांधव, म्हणून त्यांचे दुःख आम्हांस सहज जवळचे वाटते. परंतु २०१७ साली बौद्धबहुल म्यानमारच्या लष्कराने ७ लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिमांना बांगलादेशात पळावयास लावले, तेव्हा आमची करुणा तितकीच जागी झाली काय? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारतो आणि मगच वर्गात. पीडिताचा धर्म पाहून जागी होणारी करुणा तथागतांची नव्हे, आणि संविधानाचीही नव्हे. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एवढा एक शब्द तरी सोबत न्यावा : व्यक्ती.