कोरेश राजा आणि जोतीराव फुले

(उपदेशक व शब्बाथ शाळेचे शिक्षक यांच्यासाठीं अभ्यास)

शास्त्रपाठ : यशया ४४:२४ ते ४५:७, एज्रा, अध्याय १, प्रेषितांचीं कृत्यें १०:२४ ते ३५.

जगाच्या इतिहासाला नवें वळण कोणी लाविलें, असा प्रश्न शब्बाथ शाळेंत विचारिला तर मुलें मोशे, दावीद, पौल, मार्टिन लूथर अशीं नांवें सांगतात. तीं योग्यच आहेत. परंतु एका खेड्यांतील मंडळींत हा प्रश्न निघाला असतां एका मुलीनें उभें राहून जोतीराव फुले यांचें नांव घेतलें. तेव्हां मागें बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पोरी, त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता." मुलगी खालीं बसली. तेथील उपदेशकानें आम्हांस विचारिलें आहे, कीं त्या वेळीं आपण काय बोलावयास पाहिजे होतें?

प्रिय बंधुभगिनींनो, हा प्रश्न लहान नाहीं. ज्यानें आपल्या प्रभूचा स्वीकार केला नाहीं, अशा मनुष्याच्या हातून देव आपलें कार्य करवितो काय? आणि करवीत असेल, तर त्यापासून मंडळीनें काय शिकावें? आज याचाच विचार करूं.

१. कोरेश राजा

इसवी सनापूर्वीं ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम जाळिलें व यहूदी लोकांस बंदिवान करून नेलें. त्यांपैकीं पुष्कळ जण परक्या देशांतच म्हातारे होऊन मेले. पुढें इसवी सनापूर्वीं ५३९ या वर्षीं पारसाचा राजा कोरेश यानें बाबेल घेतलें, आणि यहूद्यांनीं आपल्या देशीं परत जाऊन मंदिर बांधावें अशी आज्ञा काढिली. मंदिरांतून लुटून आणिलेलीं सोन्यारुप्याचीं पात्रेंही त्यानें मोजून परत दिलीं. एज्राच्या पहिल्या अध्यायांत हा वृत्तांत आहे.

आतां यशयाचा ४५ वा अध्याय उघडा. शौल व दावीद यांच्याविषयीं वापरिलेला 'अभिषिक्त' हा शब्द तेथें देव या परदेशी राजाला लावितो. आणि त्याच अध्यायांत दोन वेळां सांगतो, कीं हा राजा मला ओळखीत नव्हता.

शास्त्राच्या या म्हणण्याला जमिनीनेंही साक्ष दिली आहे. १८७९ सालीं बाबेलच्या अवशेषांत भाजलेल्या मातीचें, वीतभर लांबीचें एक नळकांडें सांपडलें. तें लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें ठेविलेलें आहे. त्यावर कोरेशाच्या नांवचा लेख असून त्यांत बाबेलच्या जयाचें श्रेय मार्दूक नांवाच्या दैवताला दिलें आहे. राजाची समजूत, आपण मार्दूकाची सेवा करीत आहों. आणि त्याच्या हातून सिद्धीस जात होती ती यहोवाची योजना!

येथें दोन चुका टाळाव्या. कोरेशानें चांगलें काम केलें म्हणून तो आंतून यहूदी होता, असें म्हणूं नये. शास्त्र तसें म्हणत नाहीं. आणि तो यहूदी नव्हता म्हणून त्याचें काम देवाचें नव्हतें, असेंही म्हणूं नये. शास्त्र याच्या अगदीं उलट सांगतें. हें माप हातीं घेऊन आतां पुणें शहराकडे वळूं.

२. माळ्याचा मुलगा

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म १८२७ सालीं झाला. घराणें माळ्याचें. शूद्राच्या मुलानें शिकून काय करावयाचें आहे, असें लोकांनीं बापाच्या मनांत भरविलें, तेव्हां मुलाची शाळा सुटली व त्याला मळ्यांत कामाला लाविलें. पुढें शेजारीं राहणारे गफ्फार बेग मुन्शी व लिजिट नांवाचे एक ख्रिस्ती साहेब यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत जाऊं लागले. एका माळ्याच्या पोराची पाटी सुटूं नये म्हणून एक मुसलमान व एक ख्रिस्ती यांनीं रदबदली केली, येथें या कथेचा आरंभ आहे.

त्या शाळेंत त्यांनीं ख्रिस्ती शास्त्र ऐकिलें. पुढें टॉमस पेन या इंग्रज लेखकाचा मनुष्यमात्राच्या हक्कांविषयींचा ग्रंथ त्यांनीं मित्रांसह वाचिला. १८४८ सालीं एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत चालत असतां, शूद्र असून बरोबरीनें चालतो म्हणून त्यांचा अपमान झाला. त्याच सुमारास ते मित्राबरोबर अहमदनगरास गेले व तेथें अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली.

मिस फॅरार १८२७ सालीं, म्हणजे जोतीरावांच्या जन्माच्याच वर्षीं, या देशांत आल्या आणि १८६२ सालीं नगरासच त्यांचा अंत झाला. एक पाहुणा आला, मुलींचे धडे ऐकून गेला. त्या शाळेच्या दृष्टीनें एवढीच ती गोष्ट. परंतु पाहुणा पुण्यास परत आला आणि १८४८ सालींच त्यानें बुधवार पेठेंत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा उघडली. पेरणारा कोठें पेरतो आणि पीक कोणाच्या शेतांत येतें, हें पाहून आम्हांस नवल वाटतें. ज्या उपदेशकाच्या शाळेंत आज चारच मुलें येतात, त्यानें हें विसरूं नये.

शिकविण्यास बाई कोठून आणावी? जोतीरावांनीं आपली पत्नी सावित्रीबाई यांस स्वतः शिकविलें होतें. त्याच शिक्षिका झाल्या. शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकीत. म्हणून त्या बरोबर दुसरें लुगडें नेत, असें सांगतात. लोकांच्या भयानें गोविंदरावांनीं १८४९ सालीं मुलगा व सून यांस घराबाहेर जावयास सांगितलें. पहिली शाळा थोड्याच महिन्यांत बंद पडली. ज्यांची शाळा बंद पडली आहे त्यांनीं पुढचेंही वाचावें: १८५१ सालीं बुधवार पेठेंतच चिपळूणकरांच्या वाड्यांत त्यांनीं पुन्हां मुलींची शाळा काढिली, आणि महार-मांगांच्या मुलांसाठींही शाळा चालविल्या. १८५२ च्या नोव्हेंबरांत विश्रामबाग वाड्यांत सरकारनें जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला.

या शाळेंतील मुक्ता नांवाच्या एका मांग मुलीनें महार-मांगांच्या दुःखांविषयीं निबंध लिहिला. तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रानें छापिला. हें पत्र अमेरिकन मिशननें १८४२ सालीं अहमदनगरास सुरू केलेलें. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न त्या पोरीनें उघडपणें विचारिला. तिला लिहिण्यास शिकविलें मंडळीबाहेरच्या एका माणसाच्या शाळेनें. तिचें लिहिणें लोकांपुढें ठेविलें ख्रिस्ती पत्रानें. दोन हात निरनिराळे, काम मात्र एक.

३. त्या कामाचा विस्तार

१८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक निघालें. अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं काळ्या लोकांस दास्यांतून सोडविण्यासाठीं कष्ट सोशिले, त्यांस जोतीरावांनीं तें अर्पण केलें. पुण्याच्या पेठेंत बसून ते समुद्रापलीकडच्या दासांच्या मुक्ततेशीं आपल्या लोकांच्या मुक्ततेचें नातें जोडीत होते. त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं सत्यशोधक समाज स्थापन झाला. देव व मनुष्य यांच्यामध्यें भटाची दलाली नको, हा त्याचा मुख्य विचार. १८८२ सालीं हंटर यांच्या शिक्षण कमिशनपुढें निवेदन देऊन जोतीरावांनीं मागणी केली, कीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी सर्वांचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. बीज मात्र राहिलें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. डॉक्टर आंबेडकर यांनीं बुद्ध व कबीर यांच्याबरोबर जोतीरावांस आपला गुरु मानिलें व १९४६ सालीं शूद्रांविषयींचा आपला ग्रंथ त्यांस अर्पण केला. त्याच आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं राज्यघटनेचा मसुदा तयार झाला; आणि २६ जानेवारी १९५० पासून तिच्या सतराव्या कलमानें या देशांत अस्पृश्यता नष्ट झाल्याचें जाहीर झालें. आज आमची मुलगी शाळेंत पहिल्या बांकावर बसते, तिच्या त्या बसण्यांत भिडे वाड्याचा वांटा आहे. तो वाडा स्मारकासाठीं २०२३ सालीं पाडण्यांत आला. दगडविटा गेल्या, तरी तेथें सुरू झालेलें काम थांबलें नाहीं.

४. ते मंडळींत आले नाहींत

सत्य आहे तें सत्यच सांगावें. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. येशूविषयीं त्यांनीं आदरानें लिहिलें. दीनांचा कैवारी म्हणून ज्या बळीराजाचें नांव आमचे शेतकरी घेतात, त्या बळीच्या पंगतीस त्यांनीं येशूला बसविलें. परंतु आमच्या विश्वासाप्रमाणें त्याला तारणारा म्हणून त्यांनीं कबूल केलें नाहीं. देवाला ते 'निर्मिक' म्हणत. १८८८ सालीं पक्षाघातानें त्यांचा उजवा हात गेला, तेव्हां डाव्या हातानें लिहून त्यांनीं सार्वजनिक सत्यधर्माचें पुस्तक पुरें केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झालें. एकाच घरांत बौद्ध, ख्रिस्ती, महंमदी व सत्यधर्मी यांनीं एकमेकांचा द्वेष न करितां प्रेमानें राहावें, असें चित्र त्यांत आहे.

या मतांशीं आमचें पुष्कळ ठिकाणीं जुळत नाहीं, आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. मेलेल्या मनुष्याला आपल्या सोयीसाठीं बाप्तिस्मा देऊं नये. पण म्हणून त्याच्या कामाचा मान कमी करावा, हेंही न्यायाचें नाहीं. कोरेशाविषयींचें माप येथेंही लागू आहे. बंदिवानांस बाबेलांतून सोडविणारा देव आपल्या सेवकांची निवड करितांना मंडळीची नोंदवही पाहून थांबत नाहीं.

५. दोन पाणवठे

आतां हा धडा आमच्याकडेच वळतो. १८६८ सालीं जोतीरावांनीं पुण्यांतील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानिलेल्या लोकांस खुला केला. आपल्याच जातीचे लोक रागावतील, हें काय त्यांस कळत नव्हतें? तरी त्यांनीं तो खुला केला.

आम्हीही एक गोष्ट कबूल करितों. आमच्या सेवेच्या आरंभींच्या वर्षांत आम्ही एका मंडळींत पाळक होतों. तेथें दोन जातींतून आलेलीं ख्रिस्ती घरें होतीं. रविवारीं तीं एकाच चटईवर बसत, एकच गीत गात. परंतु एका उन्हाळ्यांत पाणी आटलें, आणि पहिल्यांच्या विहिरीवर दुसऱ्यांनीं घागर लावूं नये असें ठरलें. एक विधवा रिकामी घागर घेऊन आमच्या दारीं आली. आम्हीं तिला आमच्या रांजणांतलें पाणी दिलें, आणि विहिरीविषयीं एक शब्दही बोललों नाहीं. मंडळी फुटेल, अशी आम्हांस भीति वाटली. त्या दिवशीं आम्हीं तिची घागर भरली खरी. पण विहीर खुली करावयाची होती, ती केली नाहीं.

प्रभुभोजनाचा पेला एक आणि पिण्याच्या पाण्याचे पाणवठे दोन, असें जेथें आहे तेथें जोतीरावांचा बाप्तिस्मा झाला नव्हता असें म्हणण्यास आपण कोणत्या तोंडानें उभें राहावें? ज्याला आम्ही बाहेरचा म्हणतों त्यानें हौद खुला केला. आणि ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या आम्हीं विहीर बंद ठेविली.

पेत्र कर्नेल्याच्या घरीं गेला तो शिकविण्यासाठीं. पण त्या उंबरठ्यावर तो स्वतःही शिकला. देव तोंड पाहून निवड करीत नाहीं, हें त्याला तेथें समजलें. आम्हीही हा अभ्यास त्याच भावानें करावा. सावित्रीबाई प्लेगच्या सांथींत रोग्यांची सेवा करितां करितां त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. त्यांचें उदाहरण ऐकून आमच्या भगिनींस लाज वाटण्याचें कारण नाहीं, हुरूप यावा.

तर उपदेशकबंधूंस आमचें उत्तर असें: पुढच्या रविवारीं त्या मुलीला पुन्हां उभें करा आणि तें नांव मोठ्यानें घेऊं द्या. मग त्या वृद्ध गृहस्थांसमोर यशयाचा ४५ वा अध्याय उघडून ठेवा, आणि त्यांच्याच तोंडून तो वाचवून घ्या. त्यांचा अपमान करूं नका. शास्त्र त्यांस प्रिय आहे. शास्त्रच त्यांस शिकवील.

चर्चेसाठीं प्रश्न

१. कोरेश देवाला ओळखीत नव्हता, तरी देवानें त्याला कोणतें नांव दिलें? त्यावरून देवाच्या सत्तेविषयीं काय कळतें?

२. मिस फॅरार यांच्या शाळेचें फळ पुण्यांत कसें आलें? आपल्या गांवीं अशी कोणती लहान पेरणी चालू आहे?

३. जोतीरावांच्या कोणत्या मतांशीं आपण सहमत नाहीं? तरीही त्यांचा मान कां राखावा?

४. आपल्या मंडळींत पाणी, पंगत, लग्नसंबंध व मरणाचा खांदा यांत जातिभेद उरला आहे काय? असेल, तर तो मोडण्यास आधीं कोण उठेल?

प्रार्थनेचा विषय

जे तुझें नांव न घेतां तुझें काम करून गेले त्यांच्याबद्दल, हे प्रभो, आम्ही तुझे आभार मानितों. जे आम्ही तुझें नांव घेऊनही तें काम टाळितों, त्या आम्हांस क्षमा कर, आणि आमच्या विहिरी खुल्या करण्याचें धैर्य दे. आमेन.