ग्रंथ वाचकाच्या हाती

ग्रंथालयाचे द्वार उघडे असले, तरी वाचक येतोच असे नाही. अशा वेळी ग्रंथानेच वाचकाकडे जावे, हा विचार न्यूयॉर्क येथील सार्वजनिक ग्रंथालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामवर अमलात आणला. लुइस कॅरल यांची ‘अ‍ॅलिस’ची कथा तेथे सचित्र पानांतून उलगडली, पुढे काफ्का यांची ‘मेटामॉर्फोसिस’ आली. पडद्यावर अंगठा टेकविला की पान स्थिर राही, उचलला की पुढचे येई. एरव्ही चोवीस तासांत लोपणारी ही पाने ग्रंथालयाने जतन करून ठेविली.

नुसत्या सूचना न देता प्रत्यक्ष ग्रंथच वाचकापुढे ठेवावा, हा यातील बोध होय. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शिक्षकांनी शाळेतील एखाद्या पुस्तकाची ओळख चार वाक्यांत करून द्यावी आणि ती ऐन उत्कंठेच्या जागी थांबवावी. पुढे काय झाले, हे जाणण्यासाठी मूल पुस्तकांच्या पेटीकडे वळेल. मुलांची छायाचित्रे मात्र पालकांच्या संमतीवाचून पाठवू नयेत. ज्या घरी असा मोबाइल नाही, तेथील मूल वंचित राहू नये म्हणून तीच ओळख परिपाठाच्या वेळी वर्गात वाचून दाखवावी.