डोंगर ढळले तरी

शब्बाथशाळेत १२५ वे स्तोत्र शिकविताना आपण बहुधा फळ्यावर एक मोठा डोंगर काढतो आणि मुलांना म्हणतो, “पाहा, डोंगर कधी हलत नाही, देवावर भाव ठेवणारा माणूसही तसाच.” आम्हीही पुष्कळ वर्षे असेच शिकवीत आलो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि कितीतरी माणसे मातीखाली गेली. नंतरच्या रविवारी वर्गातील एका मुलीने विचारले, “डोंगर हलत नाही म्हणता, मग तो डोंगर खाली कसा आला?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

घरी येऊन स्तोत्रसंहिता उघडली. ४६ व्या स्तोत्रात डोंगर सरळ समुद्रात कोसळतात! तेथे ढळणे या अर्थाचे इब्री क्रियापद ‘मोट’ असे आहे (आपल्या विहिरीवरच्या मोटेशी त्याचा संबंध नाही). दुसऱ्या वचनात डोंगर ढळतात, सहाव्यात राज्ये ढळतात. मधल्या पाचव्या वचनात देवाचे नगर मात्र ढळत नाही. तिन्ही ठिकाणी शब्द तोच. नगर का टिकते? देव त्याच्या ठायी आहे म्हणून. खडक भक्कम आहे, असे कवी म्हणत नाही.

आणि सीयोन तसा बुटकाच. मंदिराची टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर. समोरचा जैतुनांचा डोंगर तिच्याहून उंच, आणि उत्तरेकडील हर्मोन तर २,८१४ मीटर. ६८ व्या स्तोत्रात कवी बाशानाच्या अनेक शिखरांच्या पर्वताला जवळजवळ चिडवतो, की देवाने निवडलेल्या डोंगराकडे तू हेव्याने का पाहतोस? कनानी लोकांची समजूत निराळी होती. सीरियातील रास शामरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत बआलाचे निवासस्थान साफोन नावाच्या उंच पर्वतावर आहे. सुमारे १,७०० मीटर उंचीचा तो पर्वत आज सीरिया व तुर्कस्तान यांच्या सीमेवर आहे. ४८ व्या स्तोत्रात हेच नाव लहानग्या सीयोनाला दिले आहे. मराठीत आपल्याला तेथे केवळ ‘उत्तर’ वाचावयास मिळते, कारण इब्रीत साफोन म्हणजे उत्तर दिशाही होय.

म्हणून १२५ वे स्तोत्र शिकविण्यापूर्वी ४६ वे वाचून घ्यावे, असे आम्हांस वाटते. १२५ मध्येही ‘मोट’ हेच क्रियापद आहे, पण उपमा वाटेल त्या डोंगराची नाही. सीयोनावरचे मंदिरसुद्धा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्याने जाळले. तरी लोकांनी ही स्तोत्रे टाकून दिली नाहीत. १२१ व्या स्तोत्रात तर हा शब्द थेट यात्रेकरूच्या पायाला लागतो. यरीहोहून यरुशलेमेस जाणे म्हणजे सुमारे हजार मीटरांची चढण. तेथे डोंगराकडे पाहून कवी प्रश्न विचारतो. साहाय्य डोंगराकडून येते, असे म्हणत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही फळ्यावर डोंगर काढला नाही. ४६ वे स्तोत्र वाचले. “मग वाडीतली माणसे का गेली?” असे त्या मुलीने पुन्हा विचारले. तेव्हा लूक १३ मधील शिलोहाच्या बुरुजाची हकिकत वाचून दाखविली: त्याखाली सापडलेली अठरा माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती. याहून अधिक आम्हांस सांगता आले नाही.