एस्पोसितो

इटली देशातील पुष्कळ आडनावांचा अर्थ सहज लागतो. 'फेरारी' म्हणजे लोहाराच्या घराण्यातला. 'रोस्सी' म्हणजे तांबड्या केसांचा. परंतु दक्षिणेकडील नेपल्स शहरात व त्याच्या आसपास जागोजागी आढळणारे 'एस्पोसितो' हे आडनाव धंद्यावरूनही पडलेले नाही आणि रूपावरूनही नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे 'बाहेर ठेवलेला'.

नेपल्समध्ये १४ व्या शतकापासून 'अनुन्झियाता' नावाची एक धर्मादाय संस्था होती. तिच्या भिंतीत पुढे लाकडाचे एक फिरते पिंप बसविण्यात आले. लोक त्याला 'चाक' म्हणत. दारिद्र्याने गांजलेली किंवा लोकापवादाला भ्यालेली माता तेथे येई, तान्हे मूल त्या पिंपात ठेवी आणि पिंप फिरवी. मूल भिंतीच्या आत जाई. आतील बाई ते उचलून घेई. बाहेर कोण उभे आहे, हे तिला दिसत नसे. मग मुलाची नोंद वहीत होई : येण्याचा दिवस, वेळ, अंगावरची वस्त्रे, गळ्यात एखादे पदक असल्यास तेही. कित्येक माता अशी खूण मुद्दाम बांधून देत. पुढेमागे दिवस पालटले, तर आपले लेकरू ओळखता यावे ना ! आडनाव मात्र अनेकांच्या वाट्याला एकच येई : एस्पोसितो.

हा शब्द त्या मुलाला जन्मभर चिकटे. नाव उच्चारताच त्याचे अनाथपण चारचौघांत उघडे पडे. म्हणून जोआकिम म्युरा हा नेपल्सचा राजा असताना (१८०८ ते १८१५) अशा मुलांना हे आडनाव देण्याची मनाई झाली. पण तोवर एस्पोसितोंची मुले-नातवंडे सर्वत्र पसरली होती. त्यांना आईबाप होते, घरदार होते. आडनाव तेवढे जुने राहिले. चाक १८७५ मध्ये बंद झाले.

त्यानंतरच्या काळात दक्षिण इटलीतील असंख्य गरीब कुटुंबे पोटासाठी अमेरिका, अर्जेंटिना, कॅनडा अशा दूरदेशी गेली. तेथे या शब्दाचा अर्थ जाणणारे थोडेच. कॅनडात जन्मलेले फिल व टोनी एस्पोसितो हे बंधू तर बर्फावरील हॉकीत नामांकित झाले.

अशा एखाद्या घराण्यातील कोणी पूर्वजांचा शोध घेत नेपल्सला आला, तर त्याची वाट कधीकधी त्या जुन्या वहीपाशी येऊन थांबते. तेथे मातेचे नाव नसते. तिने बाळाला कशात गुंडाळले होते, तेवढे लिहिलेले असते.