ऑफरच्या दिवशी वेबसाइट बसू नये म्हणून: फुकटातला लोड बॅलन्सर समजून घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दोन सर्व्हरच्या पुढे एक लोड बॅलन्सर बसवून बघितला. टाइप करायच्या ओळी सगळ्या व्हिडिओत आहेत, त्या इथे परत देत नाही. हा लेख त्याच्या आधीचा विचार आहे: लोड बॅलन्सर नेमकं काय करतो, आपल्याला तो लागतो का, आणि बसवताना कुठे फसायला होतं. वही-पेन जवळ ठेवा, एक हिशेब करायचा आहे.

१) गर्दी सांगून येते, पण एकदम येते

आपल्या जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ घ्या. अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीक-पाण्याचं भाकीत सांगतात. वर्षभर ज्या बातमीला कोणी हात लावत नाही, ती त्या एका सकाळी सगळ्यांना एकाच वेळी हवी असते. वेबसाइटवरची गर्दी अशीच असते. दिवसाची सरासरी काढून उपयोग नाही, त्या तासाभरात काय होतं ते बघावं लागतं.

आणि तयारी कमी पडली तर काय होतं, तेही महाराष्ट्रानं बघितलंय. १६ जुलै २०२१, दहावीचा निकाल. कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि ९९.९५ टक्के मुलं पास झाली. दुपारी १ वाजता निकाल जाहीर झाला. पंधरा लाखांहून जास्त विद्यार्थी, शिवाय त्यांचे आई-बाप, मामा, मावशी. निकालाची संकेतस्थळं बसली आणि कित्येक तास मुलांना निकाल दिसला नाही.

आता फरक बघा. ती मुलं रात्रीपर्यंत परत परत प्रयत्न करणारच होती, कारण निकाल दुसरीकडे मिळत नाही. साडी दुसरीकडे मिळते. तुम्ही जाहिरातीवर पैसे घालून गिऱ्हाईक आणलं आणि पान उघडलं नाही, तर जाहिरातीचा पैसाही गेला आणि गिऱ्हाईकही गेलं.

२) काटा, गेटवरचा माणूस आणि मुनीम

कापसाच्या हंगामात जिनिंगबाहेर गाड्यांची रांग लागते. वजनकाटा एकच असेल तर रांग रस्त्यापर्यंत येते. मालकानं तीन काटे बसवले आणि गेटवर एक माणूस उभा केला: "भाऊ, तू एक नंबरला घे, तू दोनला." हा गेटवरचा माणूस म्हणजे लोड बॅलन्सर. काटे म्हणजे तुमचे वेब सर्व्हर. गिऱ्हाईकाला फक्त गेट दिसतं, आत किती काटे आहेत याच्याशी त्याला घेणं नाही.

गेटवरच्या माणसाची दोन कामं. पहिलं, वाटणी. सगळ्यांना आळीपाळीने पाठवायचं, याला राउंड रॉबिन म्हणतात. किंवा जिथे सध्या गाड्या कमी तिकडे पाठवायचं, ते लीस्ट कनेक्शन. दुसरं काम जास्त महत्त्वाचं: काटा चालू आहे का ते बघत राहायचं. बंद पडला की तिकडे गाडी पाठवायची नाही. याला हेल्थ चेक म्हणतात.

पण काटे तीन केले आणि पावती फाडणारा मुनीम एकच ठेवला तर? रांग गेटवरून उठून मुनीमच्या टेबलापुढे जाते. वेबसाइटमध्ये हा मुनीम म्हणजे डेटाबेस. लोड बॅलन्सर काट्यांपुढची रांग वाटून देतो, मुनीमचा हात तो वेगवान करत नाही. आजच्या धड्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

३) आता हिशेब

समजा धनत्रयोदशीची ऑफर टाकली. दहा मिनिटांत २,००० माणसं आली, प्रत्येकानं ४ पानं उघडली. झाली ८,००० पानं. ६०० सेकंदांनी भागा: सेकंदाला साधारण १३.

तुमच्या सर्व्हरला एक पान तयार करायला पाव सेकंद लागतो आणि तो एका वेळी दोन पानं करतो असं धरा. म्हणजे सेकंदाला ८. येतायत १३, निघतायत ८. दहा मिनिटांनी ४,८०० पानं निघाली, ३,२०० रांगेत. शेवटच्या माणसाचा नंबर यायला ४०० सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटांच्या वर. कोण थांबणार?

दोन सर्व्हर केले तर १६ ची ताकद झाली, काम भागतं. पण त्यातला एक बंद पडला की परत ८. तीन केले तर २४, आणि एक गेला तरी १६ उरतात. म्हणून नियम असा: गर्दीला लागतात त्यापेक्षा एक सर्व्हर जास्त. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा.

४) कोणतं सॉफ्टवेअर?

ओपन सोर्समध्ये दोन नावं पक्की. एचए-प्रॉक्सी हे विली तारो यांनी लिहिलं, २००१ पासून आहे आणि खास याच कामासाठी आहे. दुसरं एन्जिनएक्स, इगोर सिसोएव यांचं, २००४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ते मुळात वेब सर्व्हर आहे, लोड बॅलन्सरचं कामही करतं. धंद्यात वापरायला दोन्हींना लायसन्सचे पैसे नाहीत. सर्व्हरचं भाडं मात्र तुमचंच.

निवडताना हेल्थ चेक बघा. फुकटातलं एन्जिनएक्स सर्व्हरला स्वतःहून विचारत नाही. एखाद्या गिऱ्हाईकाची मागणी फसली की मग त्या सर्व्हरला ठरावीक वेळ बाजूला ठेवतं, मूळ सेटिंगमध्ये १० सेकंद. एचए-प्रॉक्सीत चेक चालू केला की ते दर २ सेकंदांनी विचारतं, सलग ३ वेळा उत्तर चुकलं की सर्व्हर बंद धरतं आणि सलग २ वेळा बरोबर आलं की परत घेतं. शिवाय कोणता सर्व्हर चालू, कुठे किती गर्दी, हे दाखवणारं पानही त्यात मिळतं. नवीन माणसाला मी एचए-प्रॉक्सी सांगतो. एन्जिनएक्स आधीपासून वापरत असाल तर तेच ठेवा.

५) कुठे गाडी अडते

• कार्ट रिकामं होतं. गिऱ्हाईकानं साडी कार्टमध्ये टाकली पहिल्या सर्व्हरवर, पुढचं पान आलं दुसऱ्याकडून, कार्ट गायब! एन्जिनएक्समध्ये आयपी हॅशनं एक गिऱ्हाईक एकाच सर्व्हरला बांधता येतं, पण मोबाइल कंपन्या एकच आयपी पुष्कळ लोकांना वाटतात, त्यामुळे गर्दी पुन्हा एकीकडेच जमू शकते. कार्ट सगळ्या सर्व्हरना दिसेल अशा एका जागी, डेटाबेस किंवा रेडिसमध्ये ठेवणं चांगलं.

• फोटो दिसत नाहीत. नवीन मालाचे फोटो एकाच सर्व्हरवर चढवले तर निम्म्या लोकांना रिकामे चौकोन दिसतील. फोटोंची जागाही एकच हवी.

• सगळी गिऱ्हाईकं एकच वाटतात. मागच्या सर्व्हरला प्रत्येक मागणी लोड बॅलन्सरच्या आयपीवरून आलेली दिसते. सुरक्षेच्या प्लगिनला वाटतं, एकच माणूस हजार वेळा आला, आणि ते त्याला ब्लॉक करतं. दुकानाचं शटर आपल्याच हातानं खाली! खऱ्या गिऱ्हाईकाचा आयपी पुढे पाठवायची ओळ व्हिडिओत दाखवली आहे, ती विसरू नका.

• गेटवरचा माणूसच आजारी पडला तर? लोड बॅलन्सर एकच असेल आणि तो बंद पडला तर मागचे तीनही सर्व्हर चालू असून उपयोग नाही. त्यासाठी दोन लोड बॅलन्सर आणि कीप-अलाइव्ह-डी नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते जमत नसेल तर होस्टिंग कंपनीचा तयार लोड बॅलन्सर भाड्यानं घ्या.

६) तुम्हाला खरंच लागतो का?

तयार प्लॅटफॉर्मवर दुकान असेल तर नाही, ते काम प्लॅटफॉर्मवालेच करतात. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेत असाल तर अजिबात नाही. स्वतःचा एकच सर्व्हर असेल तर आधी कॅश चालू करा. तेच पान प्रत्येकासाठी नव्यानं बनवण्यापेक्षा एकदा बनवून ठेवलेलं दिलं की तोच सर्व्हर कितीतरी पट गिऱ्हाईकं झेलतो. फोटो हलके करा. डेटाबेस कुठे रखडतो ते बघा. एवढं करूनही हिशेबात येणारी पानं निघणाऱ्यांपेक्षा जास्त असतील, किंवा एक सर्व्हर बंद पडला म्हणून धंदा थांबणं परवडत नसेल, तर लोड बॅलन्सर बसवा.

गृहपाठ

गेल्या दिवाळीतला किंवा सेलमधला सगळ्यात गर्दीचा तास शोधा. त्या तासात किती पानं उघडली, ते होस्टिंगच्या नोंदीत मिळेल. तिसऱ्या मुद्द्यातला हिशेब त्यावर करा. मग रात्री, गिऱ्हाईक नसताना, फक्त स्वतःच्या साइटवर अपाचे बेंचनं चाचणी घ्या आणि चाचणी चालू असतानाच एक सर्व्हर मुद्दाम बंद करा. साइट चालू राहिली तर तुमचं काम झालं. बंद पडली तरी वाईट वाटून घेऊ नका, ऑफरच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलं.

तुमचा आकडा व्हिडिओखाली लिहा, पुढच्या भागात त्यातलेच दोन-तीन हिशेब सोडवू.